थोडं थोडं औषध

“पण सर, तुमच्या तीन औषधांतलं नेमकं कुठलं लागू पडलं होतं, तेवढं तरी सांगा.”

ओपीडी नुकती आवरली होती. टेबलाखाली बूट काढून डॉक्टर मुजावर डोळे मिटून बसले होते. उभा जन्म लोकांची कातडी बघण्यात गेला की माणूस किती थकतो, ते त्यांच्याकडे पाहून कळायचं.

विचारणारी केतकी शिरोडकर ही त्यांचीच विद्यार्थिनी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरतं ठाऊक असलेली. गेल्या वर्षी सरांनी आपले काही पेशंट तिच्या हाती सोपवले. त्यात अनसाबाई कोष्टीही आल्या.

अनसाबाईंना त्वचेचा लिम्फोमा होता. कातडीत मुरलेला कॅन्सर. आधी गावातल्या सगळ्यांनी नायटा म्हणून मलमं चोळली. सरांकडे आल्या तेव्हा खाजेनं त्या रात्र रात्र जागत होत्या. सरांनी इंटरफेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं, पण अगदी कमी. जोडीला एक कॅप्सूल, तीही कमी. शिवाय अतिनील प्रकाशाच्या पेटीत उभं करायचं, ते थोडाच वेळ. रोग काही गेला नाही. पण चट्टे फिके पडले आणि बाईंना झोप लागायला लागली.

“सर...”

“ऐकतोय.”

“एकाही औषधाचा डोस पुरेसा नव्हता. तेवढ्यानं काहीच होत नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात.”

“बरोबर सांगतात.”

“म्हणून मी कॅप्सूल बंद केली. काही बिघडलं नाही.”

“हं...”

“मग प्रकाश बंद केला. तरीही बरेच दिवस ठीक होतं.”

“आणि मग?”

“मग चट्टे उठले. म्हणून इंजेक्शन पूर्ण डोसवर नेलं.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. अनसाबाई वॉर्डात स्ट्रेचरवर पडल्या होत्या. अंगात ताप, हाडं ठेचल्यासारखी दुखत होती, अन्नावरची वासना उडालेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरत चालल्या होत्या. चट्टे मात्र जागच्या जागी. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

“तुम्ही रागवा तरी, सर.”

“रागवायला ताकद लागते, पोरी.”

केतकीलाही झोप नव्हती.

“मग एवढंच सांगा. खरं काम कोण करत होतं? तेवढं एक पुन्हा सुरू करते. नाहीतर बाई हातची जाईल हो...”

“मला ठाऊक नाही.”

“इतकी वर्षं तुम्हीच दिलंत ना?”

“दिलं. बाई झोपत होती. कशामुळे, ते मी कधी विचारलं नाही.”

केतकीला भयंकर राग आला. एवढा मोठा माणूस, आणि बाई मरणाच्या दारात असताना सरळ हात झटकतो! ती उठून जाणारच होती. तेवढ्यात सरांनी पायानं बूट चाचपले, ते नीट न घालताच उठले आणि वॉर्डाकडे चालू लागले. ती मुकाट्यानं मागून गेली.

स्ट्रेचर खाटेला लावून उभं होतं. उशाशी अनसाबाईंचा मुलगा सदाशिव.

“सायब, आई लई कण्हतीया.”

सरांनी हाताची मागची बाजू बाईंच्या खांद्याला हलकेच लावली.

“काय बाई, झोप लागती का?”

“कशाची झोप, सायब...” बाईंनी डोळे उघडले. “ह्या मॅडमांस्नी काय बोलू नगा हां. लई जीव लावत्यात.”

केतकीनं तोंड फिरवलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

बाईंना खाटेवर घ्यायचं होतं. पण पाठ, काखा सगळं सोलवटलेलं. कुठं हात घालावा तर बाई किंचाळायच्या. अशा पेशंटला चादरीनंच उचलायचं, ही तिथली रीत. अंगाखालच्या चादरीची चार टोकं चौघांनी धरायची. पायाकडची दोन सिस्टर फिलोमिना आणि सदाशिवनं धरली. उशाकडचं एक सरांनी, दुसरं केतकीनं.

“उचला.”

बाई अलगद वर आल्या. कण्हल्यासुद्धा नाहीत.

आता खाटेवर सरकवायचं, तर सर जागचे हलेनात. चादर तशीच अधांतरी. सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

“केतकी.”

“हं, सर?”

“तुझ्या हाताला कितीसं वजन लागतंय?”

“फार नाही, सर. थोडंसं.”

“टोक सुटू नये म्हणून धरलंयस, एवढंच ना?”

“हो... एवढंच.”

सरांनी थकलेले डोळे तिच्यावर रोखले.

“मग सोड की.”