काठोकाठ भरलेला कप

गोष्ट घडली ती कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंग गिरणीच्या आवारात. हिना तांबोळी आणि तिच्या मैत्रिणींनी तिथे स्वतःच सिमेंट कालवून स्केटबोर्डसाठी उतार बांधला होता. बांधणाऱ्यानेच त्यावरून पहिल्यांदा उतरायचं, असा त्यांचा शिरस्ता. म्हणून हिनाचं कोपर अजून सोलवटलेलं होतं.

एके सकाळी नगराध्यक्ष देवकाते बुलडोझर घेऊन हजर झाले. जिनिंगकडे येणारा नवा रस्ता त्यांनीच करून घेतलेला. त्यावरून जीपने येता येता त्यांची कंबर धरली होती. टपरीवरून आलेला चहा हातात घेत ते गरजले, "ना इंजिनिअर, ना परवानगी! असलं कच्चं बांधकाम पाडावंच लागतं."

"कच्चं असेल तर पाडाच, साहेब," हिना म्हणाली. "फक्त आधी तपासू. काठोकाठ भरलेला कप घेऊन मी माझ्या उतारावरून येते. तुम्ही हातातला कप घेऊन जीपने तुमच्या रस्त्यावरून जा. ज्याचा चहा सांडेल, त्याचं बांधकाम पाडायचं."

बुलडोझरवाल्याने नम्रपणे विचारलं, "साहेब, मग सुरुवात कुठून करू?"

देवकात्यांनी तो गरम चहा उभ्याउभ्या एका घोटात संपवला, बुलडोझर माघारी पाठवला आणि पायीच परत निघाले. त्यांच्यामागून रिकामी जीप आदळत आपटत गेली.