तांबडीच्या पंखाला हळद

एक होती कोंबडी. लाल लाल. तिचं नाव तांबडी. तिचं एकच पिल्लू. पिल्लाच्या कपाळावर काळा ठिपका. म्हणून त्याचं नाव टिकली.

टिकली रोज आईच्या पंखाखाली निजायची. मऊ मऊ. गरम गरम.

एक दिवस काय झालं? परसात मुंगूस आलं. सर्रर्र! टिकलीवर धावलं. तांबडी मध्ये पडली. फडफड फडफड! मुंगूस पळालं. टिकली वाचली. पण आईचा पंख फाटला.

घरच्या यसूकाकूंनी तांबडीला उचललं. जखम धुतली. डाल्याखाली ठेवलं. डालं म्हणजे कोंबड्यांची मोठ्ठी टोपली.

टिकली डाल्यात शिरली. पण आईला पंख उचलेना. टिकलीला झोप येईना.

टिकली म्हणाली, "काकू काकू, आईला बरं करा."

काकू म्हणाल्या, "हळद आहे गं बाई. तेल संपलंय. कोरडी हळद गळून पडते. तू तेल आण, मी हळद लावते."

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत लागला घाणा.
"घाण्या घाण्या, तेल दे."
"का गं टिकली?"
"तेलाविना हळद लागेना,
आईचा पंख बरा होईना."
घाणा म्हणाला, "माझं पोट रिकामं. करडई आण, मग तेल."

तुरु तुरु, तुरु तुरु.

खळ्यावर होतं करडईचं पोतं.
"पोत्या पोत्या, घाण्यावर चल."
"का गं टिकली?"
"घाणा तेल देईना,
तेलाविना हळद लागेना,
आईचा पंख बरा होईना."
पोतं म्हणालं, "मला पाय कुठे आहेत? गाडी आण, मग बघू."

तुरु तुरु, तुरु तुरु.

चिंचेखाली होती गाडी.
"गाडी गाडी, पोतं ने."
"का गं टिकली?"
"पोतं घाण्यावर येईना,
घाणा तेल देईना,
तेलाविना हळद लागेना,
आईचा पंख बरा होईना."
गाडी म्हणाली, "मी एकटी चालत नाही. बैल आण, मग चालते."

तुरु तुरु, तुरु तुरु. दमली बिचारी.

गोठ्यात बसला होता पवळ्या बैल.
"पवळ्यादादा, गाडी ओढ."
"का गं टिकली?"
"गाडी पोतं नेईना,
पोतं घाण्यावर येईना,
घाणा तेल देईना,
तेलाविना हळद लागेना,
आईचा पंख बरा होईना."

पवळ्या म्हणाला, "मी नाही उठत. कानामागे गोचीड चावतेय. एक कोंबडी रोज येते. टुक टुक गोचिडी टिपते. आज आलीच नाही. ती आली की उठेन."

"कशी आहे ती?"
"लाल लाल. तांबडी म्हणतात तिला."

टिकलीचे डोळे भरले. "दादा, तीच माझी आई."

पवळ्या ताडकन उठला. घंटा वाजली, ठण ठण. "आधी नाही का सांगायचं? चावू दे गोचीड. तांबडीचे उपकार आहेत माझ्यावर."

मग काय!
बैल गाडी ओढू लागला. खडाड खडाड.
गाडी पोतं नेऊ लागली.
पोतं घाण्यावर आलं.
पवळ्याच घाण्याला फिरला. करकर करकर.
घाण्याने तेल दिलं. टप टप टप.
टिकलीने तेल घरी आणलं. काकूंनी तेलात हळद कालवली. हळद लागली.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. काकू रोज हळद लावायच्या. टिकली रोज चोचीतून दाणा आणायची. आठव्या दिवशी तांबडीने पंख हलवला. थोडासा. मग पुरा उघडला.

तांबडी आधी कुठे गेली? गोठ्यात. मागोमाग टिकली. तुरु तुरु, तुरु तुरु. पवळ्याने मान खाली घातली. टिकली कानापाशी चढली. टुक! पहिली गोचीड तिनेच टिपली.

"बरं वाटलं गं बाई," पवळ्या म्हणाला.

संध्याकाळ झाली.
तांबडी बसली डाल्याखाली,
टिकली निजली पंखाखाली.