बापूसाहेबांची पहिली फवारणी

गव्हाच्या रानातला वाफसा, पेरणीजोगा ओलावा, उडत चालला होता, पेरणीची पाभर जुंपून उभी होती आणि बियाण्याबरोबर पेरायचं दाणेदार खत सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब यांनी कुलपात ठेवलं होतं. परदेशात शेती शिकून आलेली शर्वाणी बांधावर येरझाऱ्या घालत होती.

"खताचे दाणे मातीत नुसते लोळतात, पोरी," बापूसाहेब म्हणाले. "द्रवखत घाल. थेट पानातून पोटात!"

शर्वाणीनं फवारणीचा पंप भरून त्यांच्याच पाठीवर चढवला. "मग पहिला मान तुमचा. पानांवर नीट मारा हं."

बापूसाहेबांनी उघड्या रानावर नजर फिरवली. "अगं, पण पानं कुठायत?"

"यायचीत अजून. तोवर गव्हानं काय खायचं, बापू?"

पाभरवाला खुदकन हसला. बापूसाहेबांनी कमरेची किल्ली काढली.

"घे बाई. लोळू देत दाणे!"