बयजाने दरबार नवा केला

राजे भुजंगराव आपल्या राजवाड्याला विटले. एके दिवशी त्यांनी हुकूम सोडला, की टेकडीवर नवा वाडा बांधायचा आणि लाकडासाठी कुरणवाडीची आमराई तोडायची.

कुरणवाडीच्या तोंडचं पाणी पळालं. आमराई म्हणजे गावाचं लोणचं, गावाची सावली, गावाचा बाजार. सगळं गाव दरबारात जाऊन उभं राहिलं. पण राजांच्या मिशा पाहून म्हाताऱ्यांची पाठ केलेली भाषणं घशातच अडकली. शेवटी येसबा शेतकऱ्याची लेक बयजा पुढे झाली.

"महाराज, हा वाडा गळतो का?"

"नाही."

"भिंतींना तडे गेलेत?"

"मुळीच नाही. आजोबांनी बांधलाय. हत्तीनं धडक दिली तरी हलायचा नाही."

"मग बिघडलंय काय?"

"कंटाळा आलाय," राजे म्हणाले. "अंधार वाटतो, कोंदट वाटतं. जीव रमत नाही."

"मग हा वाडा पाडायला झाला नाही, महाराज. आवरायला झालाय."

कारभारी रंगोपंतांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर उपरणं धरलं. राजे मात्र लालबुंद झाले.

"अस्सं? मग तूच आवर. उद्या दिवेलागणीला हा दरबार माझा मलाच ओळखू येता कामा नये. खजिन्यातून कवडी मिळणार नाही. बाहेरून काडीसुद्धा आत आणायची नाही, तुमची ती सारवायची मातीही नाही. आणि मी दरबार ओळखला, तर आमराईवर कुऱ्हाड पडलीच म्हणून समज."

"बाहेरचं आत आणायचं नाही," बयजा सावकाश म्हणाली. "पण आतलं बाहेर नेलं तर?"

"खुशाल ने. हाताखाली नोकर घे. मी शिकारीला चाललोय."

बाहेर आल्यावर येसबानं कपाळाला हात लावला. "बये, आपलं खोपटं सारवणं निराळं आणि राजाचा दरबार निराळा."

"भिंती इथं चार अन् तिथंही चारच, बाबा," बयजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात शिरली आणि चालता चालता रानरेड्याच्या शिंगाला धडकली. शिंगं भिंतीवर, शिंगं जमिनीवर. गंजक्या ढाली, मोडकी पालखी, पेंढा भरलेला वाघ, ज्याच्या पोटात उंदरांनी संसार थाटला होता. पायाखाली गालिचा, त्याखाली गालिचा, त्याखाली आणखी एक.

"हे एवढं कशाला?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"महाराजांना कंटाळा आला की नवं आणतात."

"आणि जुनं?"

"त्याला हात लावायची कुणाची छाती आहे, बाई?"

"आज माझी आहे," बयजानं पदर खोचला. "उचला."

वाघ मागच्या अंगणात गेला, पालखी गेली, ढाली गेल्या. गालिचे गुंडाळले तेव्हा खाली काळाभोर घडीव दगड निघाला. मुदपाकखान्यातली राख आणि वाड्यातल्याच विहिरीचं पाणी घेऊन नोकरांनी तो असा घासला, की त्यात तोंड दिसू लागलं. समया मुदपाकखान्यातल्याच चिंचेनं घासल्या. भिंतीलगतचं अवाढव्य कपाट हलवलं तर मागून भली रुंद खिडकी निघाली. तिची कडी काढताच वारा आत घुसला आणि रंगोपंतांची पगडी उडवून गेला.

राणीसाहेब गंमत पाहायला म्हणून आल्या होत्या. त्या गेल्याच नाहीत. पेटीत पडून असलेली फिकट पोपटी चंदेरी साडी त्यांनी स्वतः खिडकीला पडदा म्हणून लावली.

शेवटी बयजानं दरबारावर नजर फिरवली. चांदीचं सिंहासन अजून अंधाऱ्या कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून होतं. "हे जड आहे," पहारेकरी म्हणाला. "मग आणखी चौघांना बोलवा," बयजा म्हणाली, आणि सिंहासन खिडकीपाशी गेलं.

दिवेलागणीला गावकरी दरबारात जमले आणि राजे परतले. दारातच थबकले.

"रंगोपंत, हे कुणाच्या घरी आणलंत मला?"

"आपल्याच दरबारात, महाराज."

राजांना आपली चूक उमगली. ते घाईघाईनं खाकरले. "हो, हो! गंमत केली. ओळखलाच होता मी. हाच माझा दरबार. अगदी डोळे मिटून ओळखेन."

गावकऱ्यांचे चेहरे पडले. बयजाच्या मनात आलं, राजानंच शब्द फिरवला तर दाद मागायची कुणाकडे? राजे तिच्याकडे रोखून पाहत, मिशीला पीळ देत, ऐटीत चालत कोपऱ्यात गेले, वळले आणि गादीवर आल्यापासून बसत आले तसे मागे न पाहता बसले.

धप्पकन आवाज झाला. राजे थेट फरशीवर!

बयजा हात जोडून म्हणाली, "लागलं तर नाही ना, महाराज? ओळखीच्या घरात माणूस डोळे मिटून बसला तरी जागेवरच बसतो. जमिनीवर बसतो तो नवख्या घरात."

राजांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा खिडकीजवळच्या सिंहासनाकडे. त्यांचं पोट हलू लागलं, मग मिशा हलू लागल्या आणि फरशीवर बसल्या बसल्याच ते गडगडाट करून हसले. राणीसाहेब हसल्या, रंगोपंत उपरणं बाजूला टाकून हसले.

राजे उठून सिंहासनावर बसले. खिडकीतून मोहराचा वास येत होता. दूरवर संध्याकाळच्या उजेडात काहीतरी सोनेरी दिसत होतं.

"ती कुणाची बाग?"

"तीच ती, महाराज. कुरणवाडीची आमराई."

राजांनी मोहराचा वास छातीभर ओढून घेतला. "रंगोपंत," ते म्हणाले, "टेकडीवरचं काम रद्द. आणि ती आमराई कुरणवाडीला कायमची इनाम. आता तुझं बोल, बयजा. अंगणात माझी एवढी मौल्यवान चीजवस्तू पडलीय. सगळी तुला दिली!"

बयजानं अंगणातल्या शिंगांच्या, ढालींच्या, गालिच्यांच्या डोंगराकडे पाहिलं.

"नको, महाराज. हे घरात नेलं, तर परवा मलाच नवं घर मागायला तुमच्या दारात यावं लागेल."

राजे पुन्हा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस बयजाला द्यायला लावली आणि राणीसाहेबांनी आपल्या हातातले गोठ काढून तिच्या हातात चढवले.