जटाळबुवाची कोमट दाढी

एका राज्यात घडलेली ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याशप्पथ. आता राज्य कुठलं ते विचारू नका, राजाचं नाव माझ्या लक्षात नाही, आणि मांत्रिकाच्या बाबतीत मी थोडं वाढवून सांगणार आहे. पण पिल्लू खरं. निदान त्याची चोच तरी खरी. बाकीचं पिल्लू इतकं अशक्त होतं, की त्याच्याबद्दल शपथेवर काही सांगता यायचं नाही.

तर त्या राज्यात कित्येक वर्षं काहीच गरम होत नसे.

झालं होतं असं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला राजाकडे जटाळबुवा नावाचा मांत्रिक पाहुणा आला. चंदनाचा पाट मांडला, सुगंधी तेल लावलं, उटणं चोळलं, चांदीचं घंगाळ पुढ्यात ठेवलं. बुवाने पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तो तसाच थांबला.

"राजा," बुवा म्हणाला, "पाणी कोमट आहे."

"गरम आहे," राजा म्हणाला.

"हात घालून बघितलंस?"

"राजे हात घालत नसतात."

"बरं," म्हणून बुवा ओलेत्यानेच उठला. त्याने राज्यातली सगळी ऊब ओढून घेतली, आपल्या दाढीत भरली, आणि समोरच्या डोंगरावर जाऊन बसला. शाप एका दिवसापुरताच टिकायचा. म्हणून रोज सूर्य डोक्यावर आला की बुवा एका पायावर उभा राहायचा, राजवाड्याकडे तोंड करायचा आणि शाप नव्याने म्हणायचा. एकही दुपार त्याने चुकवली नाही. सर्दी झाली तर शिंकत म्हणायचा, पण म्हणायचा. माणूस कामाचा पक्का होता.

खाली चुली पेटत, पण जाळ थंडगार. तव्यावरची भाकरी टाकली तशीच पांढरी राहायची. लोक दहीपोह्यांवर आले. बायका दूध नासू नये म्हणून चुलीतल्या जाळात ठेवायला लागल्या. सेनापती दुपारची झोप लोहाराच्या पेटत्या भट्टीत काढायचा, तिथे माश्या नसत. माणसांच्या अंगात तेवढी थोडी धुगधुगी बुवाने राहू दिली होती, कारण कुडकुडायला कोणीतरी हवं. कोंबड्यांच्या अंगात तीही नाही. त्या अंड्यांवर बसून बसून कंटाळल्या आणि उठून गेल्या. राज्यात पिल्लू म्हणून निघेना.

राजाला एक मुलगी होती, गोजरा. तिने शेवटच्या कोंबडीचं शेवटचं अंडं उचललं आणि काखेत धरलं. दरबारात बसली तरी काखेत, झोपली तरी काखेत. राजकन्येचा एक हात लुळा पडल्याची बातमी शेजारच्या राज्यांत गेली आणि आलेली दोन चांगली स्थळं परत फिरली. गोजराने हात हलवला नाही.

एका सकाळी अंडं फुटलं. पिल्लू बाहेर आलं ते ओलं, डोळे मिटलेले, पाय दोन दिशांना फाकलेले. मान उचलायचं आणि टाकायचं. अंड्याला काखेतली धुगधुगी पुरली होती, ओल्या पिल्लाला पुरेना. ते थरथरायला लागलं.

राजा आला, बघितलं, म्हणाला, "बाळ, हे जगायचं नाही. रडून घे आणि जेवायला ये. दहीपोहे आहेत."

"आबा, माझं ताट झाकून ठेवा."

खिडकीत एक कावळा येऊन बसला. तो बोलायचा. त्या राज्यात याचं कोणाला नवल नव्हतं, त्याच्या बोलण्याचा कंटाळा मात्र सगळ्यांना होता.

"मी थांबतो," कावळा म्हणाला. "घाई नाही. गेलं की सांग."

"हे जाणार नाही."

"जगलं तर तुझं, गेलं तर माझं. फक्त नाव ठेवू नकोस. मग खाताना वाईट वाटतं."

"याचं नाव भीम," गोजरा म्हणाली.

कावळ्याने नापसंतीने मान वळवली.

"काकोबा, याला ऊब कुठे मिळेल?"

"हे बघ, मला सांगायचं नाहीये. पण मी खोटं बोललो तर माझा पिंडाला शिवायचा हक्क जातो. आमच्यात तसं आहे. राज्यातली सगळी ऊब जटाळबुवाच्या दाढीत आहे."

गोजराने पिल्लू रेशमी ओच्यात गुंडाळलं, एका पुरचुंडीत तांदळाची कणी आणि गुळाचा खडा घेतला आणि ती डोंगराकडे निघाली. कावळा मागोमाग. जेवणाची वेळ झालीच तर हजर असावं म्हणून.

डोंगराच्या वाटेवर तीन अडथळे होते. डोंगर म्हटला की असतातच.

पहिला राक्षस. तो आडवा आला आणि गरजला, "मी तुला खाणार."

"हळू बोला," गोजरा म्हणाली. "पिल्लू झोपलंय."

राक्षस ओशाळला. कुजबुजत म्हणाला, "मी तुला खाणार."

"येताना."

"बरं," राक्षस म्हणाला आणि बाजूला झाला.

दुसरा नाग. तो हिऱ्यांच्या हंड्यावर वेटोळं घालून बसला होता. "घे," तो म्हणाला, "पण सांगून ठेवतो, धन शापित आहे. हात लावलास की दगड होशील."

"हात मोकळा नाही," असं म्हणून गोजरा पुढे गेली. नागाला इतकी वर्षं असं कोणी म्हणालं नव्हतं. तो बराच वेळ हंड्याकडे बघत राहिला.

तिसरा दगडी दरवाजा. तो म्हणाला, "माझं कोडं सोडव, नाहीतर उघडणार नाही."

"कोडं मोठं आहे?"

"अठरा कडव्यांचं."

गोजराने ओचा उघडून पिल्लू दाखवलं. दरवाज्याने बघितलं. "जा बाई," तो म्हणाला आणि उघडला.

वर गुहेत जटाळबुवा मांडी घालून बसला होता. शेजारी चूल पेटलेली, पण ती नुसती उजेडाला. दाढी गुडघ्यांपर्यंत आली होती आणि तिच्यातून वाफा निघत होत्या.

"राजाची पोर ना तू?" बुवा म्हणाला. "ऊब मागायला आलीस. रीतीप्रमाणे तीन कामं सांगतो. पहिलं, सात समुद्रांपलीकडे..."

"बुवा, याला तेवढा वेळ नाही," गोजरा म्हणाली. "कामं तीनच आहेत. पण ती तुम्ही करायची."

आणि तिने पिल्लू त्याच्या दाढीत ठेवलं.

बुवा उठणार होता. पण दाढीत काहीतरी थरथरत होतं, आणि दाढीत काही थरथरत असताना माणसाला एकदम उठता येत नाही.

"हनुवटीशी उकळतंय, तिथे नको," बोट घालून बघत गोजरा म्हणाली. "टोकाशी गार आहे. मध्ये ठेवा. आणि आच कमी करा. कोमट हवं."

"तो शब्द," बुवा म्हणाला, "माझ्यासमोर काढायचा नाही."

"भाजेल ते. कोमट करा."

बुवाने दात खाल्ले. मग डोळे मिटले आणि आच उतरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी कोमट केलं. पिल्लाची पिसं हळूहळू सुटी झाली, थरथर थांबली. हे पहिलं काम.

दुसरं पाण्याचं. गोजराने बुवाच्या वाटीत पाणी घेतलं, गुळाचा खडा विरघळवला. "बोट बुडवा. तेही कोमटच."

"मी मांत्रिक आहे."

"बोट."

बुवाने बोट बुडवलं, पुन्हा बुडवलं, मनगटावर थेंब टाकून बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "अजून जरा." गोजराने पिल्लाची चोच अलगद पाण्याला टेकवली. पिल्लाने मान वर केली. थेंब घशाखाली गेला. मग त्याने डोळे उघडले, आणि समोर त्याला पहिल्यांदा दिसलं ते बुवाचं नाक. लांब, पिवळट, टोकाला वाकलेलं.

"चिव," पिल्लू म्हणालं.

"मला म्हणालं?" बुवाने विचारलं.

"तुम्हालाच," कावळा दारातून म्हणाला. "आता तुम्ही त्याची आई."

तिसरं काम खाण्याचं. पिल्लाला टिपायचं माहीत नसतं, कोंबडी टिपते ते बघून ते शिकतं. गोजराने कणी जमिनीवर पसरली आणि नखाने टकटक केलं. पिल्लाने बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर नाकावर. गोजराने पुन्हा टकटक केलं, नख दुखेपर्यंत. पिल्लाची मान लवंडायला लागली. कावळा दोन पावलं आत आला.

"बुवा," गोजरा म्हणाली, "नाकाने टिपा."

"डोंगरावरचे लोक काय म्हणतील?"

"डोंगरावर तुम्ही एकटेच आहात."

बुवाने विचार केला. मग तो गुडघ्यांवर आला, तळवे टेकले, आणि ज्याच्या नावाने राज्य चळचळा कापायचं त्या जटाळबुवाने जमिनीवर नाकाने टकटक केलं. एकदा. दोनदा. पिल्लाने मान तिरकी केली. मग आपली चोच आपटली. कण हुकला. पुन्हा आपटली. कण लागला.

"खाल्लं," बुवा म्हणाला. त्याच्या नाकावर कणी चिकटली होती.

कावळा दोन पावलं मागे गेला.

पोट भरल्यावर पिल्लू दाढीत शिरलं आणि झोपलं. गोजरा त्याचा श्वास बघत बसली. बुवाही बघत बसला. शापाची आठवण दोघांनाही राहिली नाही. कावळ्याला होती, आणि त्याला खोटं वागताही येत नव्हतं.

"बुवा," तो म्हणाला, "सूर्य डोक्यावर आला. उठा, शाप म्हणायचाय."

बुवाने एक पाय हलवला. दाढीतून "चिव" आलं. बुवाने पाय होता तिथे ठेवला.

"हळू बोल," तो म्हणाला. "झोपलंय."

आणि सूर्य कलला.

खालच्या राज्यातून एकच आरोळी उठली, कारण लोकांना चुलीत हात घालायची सवय लागली होती. सेनापती भट्टीतून सरळ नदीत गेला. जाळात ठेवलेलं दूध घरोघर उतू गेलं. शाप सुटला.

पण त्याच क्षणी बुवाची दाढी गार पडली. आत पिल्लू पुन्हा थरथरायला लागलं.

"पोरी," बुवा घाबरून म्हणाला, "माझ्यात काही उरलं नाही."

गोजरा उठलीच होती. तिने शोभेच्या चुलीवर तळहात धरला. चटका बसला. इतकी वर्षं वाट बघितलेला चटका, तो बघायला तिला वेळ नव्हता. तिने मडक्यात निखारे भरले, वर राख पसरली, बुवाच्या झोळीत पिल्लू ठेवलं आणि झोळी मडक्याला टेकवली. मग हात आत घालून बघितलं. गरम. मडकं जरा लांब सरकवलं. पुन्हा हात. कोमट. बुवा मागून विचारत होता, "झालं का? झालं का कोमट?"

संध्याकाळपर्यंत पिल्लू स्वतःच्या पायांवर उभं राहिलं. पडलं, पण आधी उभं राहिलं.

दोघं पिल्लाला घेऊन डोंगर उतरले. दरवाजा उघडाच होता. नागाने हिरे ओतून देऊन हंड्यात आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं. राक्षस वाटेत उभा होता, पण त्याच्या हातात गरम भाकरी होती आणि तोंड भरलेलं होतं. त्याने नुसता हात केला.

राजाने बुवासाठी पुन्हा पाट मांडला. घंगाळ आलं. राजाने बाही सरसावली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बाहेर काढला तेव्हा लालभडक होता.

"गरम आहे," तो म्हणाला.

"आहे," बुवा म्हणाला.

गोजराचं झाकून ठेवलेलं ताट तिला गरम करून मिळालं. दहीपोहे गरम करू नयेत, हे राज्याला त्या दिवशी कळलं. बुवाला दरबारात मानाची जागा मिळाली, अंडी उबवायची. भीम मोठा झाला आणि एके दिवशी त्याने अंडं घातलं, पण तोवर नाव रुळलं होतं. कावळा अजून खिडकीत येतो. म्हणतो, मी थांबलोय. भीम अंगणात दिसला की मात्र उडून जातो.

तर मंडळी, गोष्ट आमची झाली, आता तुमची बाजू. गोष्ट मी फुकट सांगत नाही. मला आंघोळीला एक घंगाळ पाणी हवं. देण्याआधी कृपा करून हात घालून बघा. कोमट निघालं तर काय होतं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंय, आणि दाढी मलाही आहे.