परतावा कोणाच्या नावानं?

“आणि सरळ उच्च न्यायालयातच गेलो तर, बुवा?”

“जा की. कोण अडवतंय?” सदूबुवांनी लसणीची पाकळी सोलून ताटलीत टाकली. “वकील आधी फी मोजून घेईल, मग तुझं ऐकेल.”

भास्कर निगडेसरांना ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं एक उत्तर हवं होतं.

निगडेसर म्हणजे हायस्कुलातून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. बारा वर्षांपूर्वी त्यांनी बुवांचा अनुग्रह घेतला. तेव्हापासून दर गुरुवारी ते मठात नामावर प्रवचन करतात. नामाचा महिमा, नामाची गोडी, नाम आणि नामी... चांगलं दीड तास. बुवा पहिल्या रांगेत बसून ऐकतात आणि मध्येच त्यांची मान खाली जाते. सरांना ती समाधी वाटते.

बुवा स्वतः प्रवचन करत नाहीत. मठात येण्याआधी तीस वर्षं ते प्राप्तिकर खात्यात कारकून होते. त्यामुळे तालुक्यातले निम्मे लोक त्यांच्याकडे मोक्षासाठी येतात आणि निम्मे नोटीस घेऊन. नोटीसवाल्यांना चहा आधी मिळतो, कारण त्यांची मुदत चालू असते.

आज सरांना चहा आधी मिळाला होता. ते त्यांना जरा लागलंच होतं.

“चौदा महिने झाले, बुवा. एक लाख बारा हजार रुपये. कापून घेताना एका दिवसात कापले, आणि परत द्यायची वेळ आली की...”

“काय काय केलंस?”

सरांनी मांडीवरची फाइल उघडली. मी खांबाशी बसून पत्रावळी लावत होतो, मला तिथूनसुद्धा तिची जाडी दिसली.

“हेल्पलाइनला नऊ फोन. संकेतस्थळावर तीन तक्रारी. अधिकाऱ्याला रजिस्टर पत्र, पोचपावतीसह. बघा ना, शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही.”

“उत्तर आलं?”

“आलं. छापील, नेहमीचंच.”

“वाचलंस?”

“...चाळलं.”

बुवांनी आणखी एक पाकळी सोलली.

“पैसे कोणाचे?”

“आमचेच.”

“आमचे म्हणजे?”

“म्हणजे... हिचे. पण व्यवहार सगळा मीच बघतो.”

ही म्हणजे ओसरीच्या टोकाला परात घेऊन तांदूळ निवडत बसलेली त्यांची बायको, वैदेहीबाई. साठीच्या आसपासची. मठात आली की तिचे हात रिकामे दिसायचे नाहीत. नवऱ्याचं बोलणं तिला ऐकू जात होतं, पण नजर तांदळात होती.

हकिगत साधी होती. तिच्या वडिलांची रस्त्याकडेची जागा रुंदीकरणात गेली. मोबदला मिळाला, त्यात तिचा वाटा निघाला आणि देतानाच त्यातून कर कापला गेला. पुढे विवरणपत्र भरल्यावर ठरलं, की कर लागतच नव्हता, कापलेलं सगळं परत मिळायला हवं. तोवर मोबदला मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जिरला होता. त्याबद्दल बाईनं चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली होती, “तो परतावा येईल ना, तेवढा माझा.”

कशासाठी, तेही तिनं ठरवलं होतं. गल्लीतल्या जंगमकाकू पिठाची गिरणी विकून लेकीकडे राहायला चालल्या होत्या. गिरणी हिला द्यायची त्यांची फार इच्छा. पाडव्यापर्यंत थांबते म्हणाल्या होत्या. पाडव्यानंतर बाजारपेठेतलं एक गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभंच होतं.

पाडव्याला एकोणीस दिवस उरले होते.

“आण ते छापील,” बुवा म्हणाले.

त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. असं वाचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पोथीसुद्धा लोक इतक्या सावकाश वाचत नाहीत.

“अरे, पैसे निघाले होते की. खातं बंद म्हणून माघारी गेले.”

“ते तिचं माहेरच्या गावातलं खातं. मोबदला त्यातच आला होता. मीच बंद केलं नंतर. एका घरात दोन खाती कशाला?”

“मग?”

“मग आमचं दोघांचं जोडखातं दिलं. तर ते पडताळणीत नापास! तीनदा दिलं, तीनदा नापास. आता याला अडवणूक नाही तर काय म्हणायचं?”

“घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांनी लिहून कळवलंय, सर.” बुवांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “पॅनवर एक नाव, खात्यावर दुसरं. ही दोन माणसं आहेत असं त्यांना वाटतंय.”

“ते कळलंय मला.” सरांचा आवाज वर्गातला झाला. “हिचं आधार आणि पॅन हिच्या भावानं काढून घेतलं, जागेच्या कामासाठी, शाळेच्या दाखल्यावरून. म्हणून त्यावर लग्नाआधीचं नाव आलं. मी त्यावर उपाय काढलाय. राजपत्रात नाव बदलायचं. मग आधार, मग पॅन. सगळीकडे वैदेही भास्कर निगडे. एकदाची कटकट मिटली.”

“किती दिवस?”

“तीनचार महिने.”

ओसरीच्या टोकाला परातीतला आवाज थांबला.

बुवांनी तिकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

“वैदेही हे नाव कोणी ठेवलं?”

“मी.” सर खुलले. “लग्नात, परंपरेप्रमाणे. ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं. तिचं पहिलं नाव तसं जरा... गावठी होतं. मी नुकताच शाळेत लागलेलो. स्टाफरूममध्ये बायकोचं नाव सांगायचं म्हणजे...” ते हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

“माई, ती परात आणा इकडं,” बुवा म्हणाले.

बाईनं परात आणून दोघांच्या मध्ये ठेवली आणि भिंतीशी उभी राहिली. बुवांनी तळहातानं तांदूळ सारखे केले.

“अंगठी आहे ना बोटात? लिही. सरकार ज्याचं देणं लागतंय, त्याचं नाव.”

सरांनी अंगठी काढली. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. शाळेतले सगळे फळे तेच लिहायचे. त्यांनी वेलांटीसुद्धा डौलदार काढली. वैदेही.

बुवांनी नाव वाचलं.

“या बाईचं सरकार काही देणं लागत नाही.”

त्यांनी तळहात फिरवला. तांदूळ पुन्हा सारखे झाले.

सरांनी परत अंगठी टेकवली. टेकवली ती तिथंच राहिली. नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. चौदा महिने तेच तर ते संकेतस्थळावर भरत होते. पण हात पुढे जाईना. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली.

“बुवा...” सर हळूच म्हणाले. “हे नाव मी बेचाळीस वर्षांत हातानं कधी लिहिलेलं नाही.”

“मग ज्याला येतं त्याला लिहू दे.”

बाई उकिडवी बसली. अंगठी तिनं घेतली नाही. पदर खोचला आणि पहिल्या बोटानं लिहिलं. अक्षर मोठं, जरा तिरकं, ‘सा’चा काना परातीच्या काठापर्यंत गेलेला.

हौसा.

“हौसा तुकाराम ढाणे,” ती मोठ्यानं म्हणाली. “चौथीपत्तूर या नावानं हजर म्हनायची मी. हजेरीत तिसरा नंबर हुता.”

आणि हसली. बारा वर्षं ही बाई मठात येते, मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सांगायला लाज कशाची, माझे डोळे भरून आले.

“बुवा, या नावाचं खातं आज निघंल का?”

“आधार याच नावाचं, पॅन याच नावाचं. बँक कशी नाही म्हणेल? एकटीचं काढा. मग ते खातं संकेतस्थळावर नोंदवायचं, पडताळून घ्यायचं आणि परतावा पुन्हा पाठवा म्हणून तिथंच विनंती टाकायची. एवढंच.”

“पाडव्याच्या आत येतील पैसं?”

“तसा शब्द मी देत नाही, माई. आठ दिवसांत येतील, नाहीतर महिनाही जाईल.”

“चालंल.” ती जराही डगमगली नाही. “काकूंस्नी खात्याचा कागद दावते. पैसं वाटंवर हाईत म्हनते. त्या थांबतील. माझ्याच गावच्या हाईत त्या. घरात कुनी नसलं की मला अजून हौसाच म्हनत्यात.”

सरांनी चमकून वर पाहिलं. हे त्यांना नवीन होतं.

“आणि व्याज?” घसा खाकरून ते बुवांना म्हणाले. हरलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतंच. “चौदा महिन्यांचं व्याज मागितलं पाहिजे. कायद्यात आहे तसं.”

“आहे. आणि करदात्यामुळं जेवढा उशीर झाला, तेवढे दिवस त्यातून वगळायचे, हेही आहे.”

सरांनी फाइल मिटली. पुन्हा उघडली.

“म्हणजे तक्रार, पत्र, न्यायालय... हे सगळं फुकट?”

“फुकट कसं? सगळे रस्ते खरे आहेत. बरोबर नावाचं खातं देऊनही पैसे अडकले, तर तक्रार मी लिहून देतो. तिथं नाही झालं तर वरच्या साहेबाला. तिथंही नाही झालं तर तुझं न्यायालय आहेच.” बुवांनी लसणीचा नवा गड्डा घेतला. “पण तुझ्याकडून उत्तर येणं बाकी होतं, आणि तू त्यांना प्रश्न विचारत बसलास.”

बाई तोवर फाइलीवर वाकली होती. आपलं आधार आणि पॅन तिनं स्वतः शोधून काढलं, दोन्ही कार्डं रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

“साडेअकराची यष्टी हाय,” ती म्हणाली. बुवांना वाकून नमस्कार केला. मठाच्या पायऱ्या ती एरवी कठड्याला धरून उतरते. आज धरलं नाही.

सर धडपडत उठले. फाइलीची दोरी सुटली, कागद ओसरीभर झाले. मी गोळा करायला गेलो. एक चप्पल सापडत होती, दुसरी नव्हती.

“वैदेही! थांब, मीही येतो!”

ती चालतच राहिली.

“अगं वैदेही!”

समोरच्या शेतात भांगलणाऱ्या दोन बायकांनी माना वर केल्या. हिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाटेच्या वळणापर्यंत ती पोचली होती.

एका पायात चप्पल घालून सर बुवांकडे वळले.

“हल्ली हिला कमी ऐकू येतं वाटतं, बुवा.”

बुवांनी पाकळी सोलली आणि ताटलीत टाकली.

“ऐकू आलंय, सर. तिला वाटलं, तू दुसऱ्या कोणाला तरी बोलावतोयस.”