नावेत किती माणसे?

फार पूर्वी एका राज्यात एक पंडित होता. राज्याचे नियम लिहिण्याचे काम त्याच्याकडे होते. ही गोष्ट तो म्हातारपणी आळीतल्या मुलांना सांगे, आणि सुरुवातीलाच बजावून ठेवी, "बाळांनो, त्या दिवशी नदीला छातीइतके पाणी होते की डोक्यावरून जाईल इतके, हे मला आता खात्रीने आठवत नाही. मी घाबरलेलो होतो. घाबरलेल्या माणसाच्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नये." मुले हसत, कारण दर खेपेस नदी थोडी अधिक खोल होत असे.

त्या राज्याच्या मधून नदी वाहत होती. अलीकडे गावे, पलीकडे बाजार. पूल नव्हता, घाटावर नावा चालत. एका बाजाराच्या दिवशी एक नाव उलटली. तिच्यात तीसेक माणसे, दोन शेळ्या आणि एका लग्नाची तांब्यापितळेची भांडी होती. माणसे वाचली, शेळ्याही पोहून आल्या, भांडी तेवढी गेली. वधूपिता ओल्या कपड्यांनीच राजाकडे गेला. राजाने पंडिताला बोलावले आणि पुन्हा असे घडणार नाही असा नियम करायला सांगितले.

पंडित विद्वान होता, पण मनाने भित्रा. दाराला कडी लावली की नाही हे पाहायला तो अर्ध्या वाटेवरून परत येई. त्याने घाटावर माणूस पाठवून नावाड्यांना विचारून घेतले, आठ दिवस विचार केला आणि एक सुबक ओळ लिहिली: 'कोणत्याही नावेत बारांपेक्षा अधिक उतारू घेऊ नयेत.' राजाने शिक्का उठवला. हुकूम राजधानीतून सुभेदाराकडे, तिथून परगण्याच्या कामदाराकडे, तिथून पाटलाकडे आणि शेवटी घाटावरच्या चौकीदाराकडे गेला.

वर्ष सरले. घाटाकडून अहवाल आला, 'यंदा एकही नाव बुडाली नाही.' राजा खूश झाला. राज्यात आणखी आठ नद्या होत्या. हाच नियम त्यांच्याही घाटांवर लावायचा आणि भर दरबारात पंडिताला शाल द्यायची, असे त्याने ठरवले. दरबाराला दहा दिवस होते.

पंडिताची थोरली बहीण नदीपलीकडे राहत असे. लहानपणापासून ती त्याला चिडवायची, की तुझ्या विद्येने कोणाची कढीसुद्धा ऊन होणार नाही. ही बातमी तिला आपल्या तोंडाने सांगावी म्हणून पंडित साध्या कपड्यांत, एकटाच निघाला.

घाटावर पाहतो तर जत्रेइतकी गर्दी. लोक सकाळपासून बसले होते. काहींनी भाकरीची फडकी सोडली होती. काठाला एक भली मोठी नाव लागली होती आणि हिरोजी नावाडी तिच्यात गालाला हात लावून बसला होता. चौकीदार नावेत चढायच्या फळीपाशी उभा राहून मोजत होता. त्याने आधी हिरोजीकडे बोट केले, "एक." मग हिरोजीच्या जोडीदाराकडे, "दोन." एक पोटुशी सून पुढे आली. चौकीदाराने तिला वरून खालून पाहिले आणि म्हणाला, "तीन, चार."

तिच्यामागे तिची सासू होती. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्यात वात आहे, बाबा. तोही मोजून घे."

चौकीदार हसला नाही. त्याने तिला पाच म्हटले, एका कोष्ट्याला सहा म्हटले आणि दोरी सोडायला लावली. जिच्यात कधी काळी तीस माणसे कोंबली होती, ती नाव तीन उतारू घेऊन डुलत निघून गेली.

पंडित चौकीदाराजवळ गेला आणि नियम बारांचा आहे ना, असे त्याने हळूच विचारले. चौकीदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळले. नियम सहांचा आहे, पाटलांनी स्वतः सांगितला आहे, आणि घाटावर रोज कोणी ना कोणी शहाणा भेटतोच, असे तो म्हणाला.

तेवढ्यात वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई उठली. तिचे नाव कोंडाबाई. तिची पाळी यायला संध्याकाळ झाली असती आणि तोवर बाजार उठला असता. ती चौकीपासून दूर, नदीच्या वाकणापलीकडे गेली. तिथे तिची सांगड होती, म्हणजे मोठमोठे वाळलेले भोपळे दोरीने एकत्र बांधून केलेला तराफा. पंडित तिच्यामागोमाग गेला आणि याने नदी ओलांडणे धोक्याचे नाही का, असे त्याने विचारले.

"राजाने नावेची काळजी घेतली, काका," कोंडाबाई टोपली बांधता बांधता म्हणाली. "आमची आम्ही घेतो."

असे किती जण जातात, असे विचारल्यावर तिने निम्मे गाव म्हणून सांगितले. कोणी बुडाले का? गेल्या महिन्यात कुंभाराचा थोरला भाऊ वाहून गेला होता. दीड कोसावर बाभळीच्या फांदीला अडकला म्हणून हाती लागला.

"पण मग हे अहवालात कसे आले नाही?" पंडिताच्या तोंडून निघून गेले.

"भोपळ्यावरून पडलेल्याला कोण लिहून घेतो? नाव कुठे बुडाली?" ती म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून जरा नरमली. "यायचंय का पलीकडे? या. पण दोरी सोडू नका, आणि देवाचं नाव मनात घ्या. तोंड उघडलंत तर पाणी जाईल."

पंडित का बसला, हे त्याचे त्यालाही कधी सांगता आले नाही. मधल्या धारेत सांगड कलली, त्याच्या हातून दोरी सुटली आणि तो पाण्याखाली गेला. कोंडाबाईने त्याची शेंडी धरून त्याला वर ओढले. सहा वांगी वाहून गेली. काठावर लागल्यावर पंडित किती तरी वेळ खोकत राहिला, आणि कोंडाबाई आधी वांगी मोजून मग त्याच्या पाठीवर थापा मारत राहिली.

बहिणीने त्याला कोरडे धोतर दिले, सुंठीचा काढा पाजला आणि काय सांगायला आला होतास ते विचारले. पंडिताला ते सांगता आले नाही. शालीचा विचार आला की त्याच्या डोळ्यांपुढे आठ नद्या येत, आणि प्रत्येक नदीच्या वाकणापलीकडे भोपळे बांधत असलेली माणसे.

परतीच्या वाटेवर तो प्रत्येक ठाण्यावर थांबला. आपण कोण हे सांगितले आणि हुकूम पाहायला मागितला. पाटलाकडे आठांचा हुकूम आला होता. उद्या काही झाले तर गावाचे नाव जाईल म्हणून त्याने सहा केले होते. नावाड्यांना मोजायला कोणी सांगितले, असे विचारल्यावर चौकीदाराने उलट विचारले, की नावाडी काय माणसे नाहीत? कामदाराकडे दहांचा हुकूम होता. त्याने आठ लिहिले होते. सुभेदाराने पंडिताला पाटावर बसवून केशरी दूध दिले आणि मोठ्या आदराने म्हणाला, "पंडितजी, तुमच्यासारख्याने बारा लिहिले म्हणजे ते अगदी काठोकाठ असणार. म्हणून मी थोडी जागा ठेवली. दहा केले."

कोणी लाच घेतली नव्हती, कोणी खोटे बोलले नव्हते. उलट प्रत्येक जण आता आपली पाठ थोपटली जाईल अशा चेहऱ्याने त्याच्याकडे पाहत होता. चोर सापडला असता तर पंडिताला बरे वाटले असते. सगळेच काळजी घेणारे निघाले, याची त्याला जास्त भीती वाटली.

दरबार भरला. तबकात शाल होती. पंडिताला रात्रभर झोप नव्हती. गप्प राहिले तर काय बिघडणार होते? अहवाल खराच होता, नाव बुडाली नव्हती. बोलायचे झाले तर चार अधिकाऱ्यांची नावे घेऊन मोकळे होता येत होते, आणि ते चारही तिथेच बसले होते. राजाने शाल उचलली, तेव्हा पंडित एक पाऊल पुढे झाला.

"महाराज, शाल जरा थांबू द्या," तो म्हणाला.

आणि त्याने सगळे सांगितले. पोटुशी सून, कोंडाबाई, कुंभाराचा भाऊ, आपली शेंडी, काहीही गाळले नाही. शेंडीपाशी दरबारात खसखस पिकली. राजा मात्र हसला नाही.

"मग दोष कोणाचा? सुभेदाराचा?"

सुभेदाराने मान खाली घातली.

"माझा, महाराज," पंडित म्हणाला. "मी आकडा लिहिला, पण तो का हे लिहिले नाही. कारण ठाऊक नसले की माणूस भीतीने वागतो, आणि भीतीने आकडा लहान करावासा वाटतो. शिवाय बुडालेल्या नावा मोजा असे मी सांगितले. पलीकडे पोचलेली माणसे मोजा असे सांगितले नाही."

राजाने शाल तबकात परत ठेवली आणि आता पुढे काय, असे विचारले. पंडिताने आठ दिवस मागून घेतले. हा नियम राजधानीत बसून लिहिण्यासारखा नाही, असे तो म्हणाला. राजाने आठ दिवस दिले आणि आठही नद्यांचा हुकूम थोपवून धरला. "या वेळी नावेने जा," एवढेच तो वर म्हणाला.

पंडित आणि चारही अधिकारी घाटावर जाऊन बसले. हिरोजीला बोलावले. एवढी मोठी माणसे वाळूत मांडी घालून बसलेली पाहून तो आधी बुजला, पण माणसांची गोष्ट निघाली तसा त्याला राहवेना.

"माणसं कशाला मोजता, पंडितजी? बारा पैलवान बसले तर नाव दबेल. वीस पोरं बसली तर तिला कळायचंही नाही. आम्ही पाणी बघतो. बाहेरून पाणी खालून तिसऱ्या फळीला टेकलं की पुरे म्हणतो. माझा बापही तेच बघायचा. त्या लग्नाच्या दिवशीही पुरे म्हटलं होतं, पण घाईत कोणी ऐकलं नाही."

मग हे आधी का सांगितले नाही, असे कामदाराने जरा चढ्या आवाजात विचारले.

"फळीचं कोणी विचारलंच नाही, साहेब. माणसं किती, एवढंच विचारलं."

तीन दिवस ते नावा भरून आणि रिकाम्या करून पाहत राहिले. सुभेदाराला स्वतः नावेत बसावे लागले, आणि तो एकटा बसल्यावर पाणी किती चढते हे पाहून नावाड्यांची फार करमणूक झाली. मग नवा नियम लिहिला गेला. प्रत्येक नावेच्या तिसऱ्या फळीवर पांढरी रेघ ओढावी आणि पाणी रेघेला टेकेपर्यंत उतारू घ्यावेत. का, ते त्याखाली चार सोप्या ओळींत लिहिले. दिवसाअखेर पलीकडे किती माणसे पोचली ते चौकीवर नोंदवावे. आणि हुकूम पुढे पाठवताना ज्याला त्यात बदल करायचा असेल त्याने तो खुशाल करावा, फक्त बदलाशेजारी आपले नाव आणि कारण लिहावे.

नवा हुकूम हातात आल्यावर सुभेदाराने सवयीने लेखणी उचलली. तिसऱ्याऐवजी दुसरी फळी करावी असे त्याच्या मनात होते. शेजारी नाव लिहायचे आहे हे आठवताच त्याने लेखणी कलमदानात ठेवून दिली. कामदाराने आणि पाटलाने हुकूम दोनदा वाचला आणि तसाच पुढे धाडला. रेघ जशी निघाली तशीच घाटावर पोचली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रांग दुपारच्या आत संपली. पोटुश्या बायकांना एकच मोजू लागले, म्हणजे खरे तर कोणालाच मोजेनासे झाले. वांगी ताजी असताना बाजारात पोचू लागली. कोंडाबाईने सांगड सोडली आणि त्या भोपळ्यांत डाळी भरून ठेवल्या. वर्षभरात एकही नाव बुडाली नाही, आणि नावाड्यांच्या अंदाजाने पलीकडे पोचलेल्या माणसांचा आकडा आधीच्या वर्षाच्या पाचपट झाला. मग तीच रेघ आठही नद्यांवर गेली. मात्र फळी कितवी, हे त्या त्या घाटाच्या नावाड्यांना विचारून ठरवले गेले.

राजाने ती शाल हिरोजीला दिली. पंडिताला थोडे वाईट वाटले, पण थोडेच. बहिणीला त्याने सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तिने त्याला कढी वाढली आणि ती ऊन होती.

मुलांना सांगायची गोष्ट पंडित इथे संपवत असे. बारा हा आकडा नावाड्यांनीच दिला होता, तो खाली जाता जाता लोकांनी लहान केला आणि आपली चूक एवढीच, की आपण कारण लिहिले नाही, असे तो आयुष्यभर मानत आला.

पुढे पुष्कळ वर्षांनी, अगदी थकल्यावर, आठवण बरोबर आहे ना याची त्याला हुरहूर लागली. काठी टेकत तो दफ्तरखान्यात गेला आणि त्या पहिल्या हुकुमाचा कच्चा कागद त्याने शोधून काढायला लावला. कागद सापडला. डोळ्यांजवळ धरून त्याने तो वाचला, मग उजेडात नेऊन पुन्हा वाचला. नावाड्यांनी सोळा सांगितले होते. सोळावर एक काट होती आणि वर बारा लिहिले होते. अक्षर त्याचेच होते.

तात्पर्य एवढेच घ्यावे: नियम करणाऱ्याने तो शेवटच्या माणसाच्या हाती कसा पोचला हे स्वतः जाऊन पाहावे, आणि वाटेत तो कोणी बिघडवला हे शोधायचे झाले, तर शोध आपल्या लेखणीपासून सुरू करावा.